मगनवाडीची नीरा आणि कमलाबाईंची प्रयोगशाळा

डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली आणि जमनालाल बजाज यांनी दिलेल्या वर्ध्याच्या बागेत, म्हणजेच मगनवाडीत, संघाचे काम सुरू झाले. जे. सी. कुमारप्पा हे त्याचे चिटणीस. हातसडीचा तांदूळ, घाणीचे तेल, हातकागद, मधमाश्या, ताडगूळ अशा विषयांवर तेथे प्रयोग चालत. हे काम केवळ भावनेवर चालू नये, त्याला विज्ञानाची जोड हवी, अशी गांधीजींची इच्छा होती. म्हणून संघाच्या सल्लागारांत जगदीशचंद्र बोस, प्रफुल्लचंद्र राय, आहारशास्त्रज्ञ रॉबर्ट मॅककॅरिसन आणि सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांची नावे होती.

यांपैकी शेवटच्या नावापाशी आपण थोडे थांबू. वर्षभरापूर्वीच, १९३३ साली, बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेचे संचालक असलेल्या रामन यांनी एका मराठी मुलीचा प्रवेश-अर्ज नाकारला होता. तिचे नाव कमला भागवत. दुर्गाबाई भागवतांची ही धाकटी बहीण. वडील आणि काका दोघेही रसायनशास्त्रज्ञ. मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. तिने उत्तम गुणांनी पूर्ण केली होती. नकाराचे कारण एकच, ती मुलगी होती. कमलाबाईंनी हा नकार मान्य केला नाही. सत्याग्रहाची भाषा तेव्हा घरोघर पोचली होती. त्यांनी ती संचालकांच्या दारात वापरली.

अखेर प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिले वर्ष परीक्षेचे, संचालकांचे समाधान होईपर्यंत कामाला मान्यता नाही आणि प्रयोगशाळेतील पुरुष सहकाऱ्यांचे लक्ष विचलित होता कामा नये. ही तिसरी अट वाचून आजच्या विद्यार्थिनींना हसू येईल. कमलाबाईंना मात्र तो अपमान जन्मभर सलत राहिला. रामन यांच्या भौतिकीतील थोरवीला यामुळे बाध येत नाही; पण ती थोरवी सांगताना ही हकीकत गाळण्याचेही कारण नाही.

या वर्षात कमलाबाईंना तारले ते त्यांचे मार्गदर्शक एम. श्रीनिवासय्या यांनी. शिस्तीला कडक, पण शिकवण्यात हात न राखणारा माणूस. कोणत्या शास्त्रज्ञांचे लेखन वाचायचे ते त्यांनी सांगितले, शिवाय परदेशी संशोधकांना थेट पत्रे लिहून शंका विचारायलाही प्रवृत्त केले. दूध आणि कडधान्ये यांतील प्रथिनांवर कमलाबाईंनी काम केले. वर्ष संपले तेव्हा रामन यांचे समाधान झाले होते, आणि त्यानंतर संस्थेत मुलींना प्रवेश मिळू लागला.

पुढे केंब्रिजमध्ये जागेचीच अडचण होती. डेरेक रिक्टर या संशोधकाने दिवसा आपले टेबल कमलाबाईंना वापरू दिले. तो स्वतः रात्री काम करी. रॉबिन हिल यांच्याबरोबर वनस्पतींच्या ऊतींवर काम करताना बटाट्यात सायटोक्रोम सी हे श्वसनक्रियेतील प्रथिन त्यांना आढळले आणि १९३९ मध्ये पीएच.डी. मिळाली. विज्ञान विषयात ही पदवी मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रियांत त्यांची गणना होते.

प्रवेश मिळाला म्हणजे सारे मिळाले असे नव्हे. रामन यांच्याच प्रयोगशाळेत १९४० पासून काम केलेल्या अण्णा मणी यांनी पाच शोधनिबंध लिहिले, पण त्यांच्याकडे एम.एस्सी. नाही या सबबीवर मद्रास विद्यापीठाने त्यांना डॉक्टरेट दिली नाही. खुद्द कमलाबाईंनाही मुंबईच्या विज्ञान संस्थेचे संचालकपद त्यांच्या योग्यतेच्या मानाने उशिराच मिळाले.

मुंबईच्या या संस्थेत कमलाबाईंचे काम पुन्हा मगनवाडीच्या विषयाकडे वळले. राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांनी नीरेचा अभ्यास सुचवला. कमलाबाई आणि त्यांचे विद्यार्थी यांनी नीरेतील जीवनसत्त्वे व लोह मोजले आणि नीरा आटवून गूळ केल्यावर त्यांतले काय टिकते ते पाहिले. (लोह तर आटवल्याने नाहीसे व्हायचे कारणच नाही.) आदिवासी भागातील कुपोषित मुले व गरोदर स्त्रिया यांच्या आहारात नीरा दिल्यावर प्रकृतीत सुधारणा दिसली. या कामाबद्दल त्यांना राष्ट्रपती पारितोषिक मिळाले. १९६६ मध्ये मुंबईत काही स्त्रियांनी स्थापन केलेल्या ग्राहक मार्गदर्शक संस्थेतही त्या होत्या. अन्नातील भेसळ गृहिणीला घरच्या घरी कशी ओळखता येईल, हा तेथला त्यांचा विषय. १९९८ मध्ये त्यांचे निधन झाले.

वर्ध्याजवळ सेवाग्रामला १९६९ साली डॉ. सुशीला नायर यांनी वैद्यकीय महाविद्यालय काढले. तेथील विद्यार्थी-विद्यार्थिनी आरंभी आश्रमात राहतात, मग एका गावात शिबिर करून काही कुटुंबांच्या आरोग्याची नोंद ठेवतात. प्रश्न विचारायला स्वतः घरात शिरावे लागते; मागे उभे राहून भागत नाही. शाळेच्या प्रयोगशाळेत मात्र आम्हांला अनेकदा उलटे दिसते. परीक्षानळी मुलाच्या हातात आणि सुवाच्य अक्षर म्हणून वही मुलीच्या हातात.

दर वर्षी २८ फेब्रुवारीला, रामन परिणामाच्या स्मरणार्थ, शाळांत विज्ञान दिन होतो. त्या दिवसाचा एक भाग नववी-दहावीच्या मुलींकडे पूर्णपणे सोपवून पाहावा: विषय निवडणे, साहित्य जमवणे, सातवीच्या मुलींना हाताशी घेऊन शिकवणे, सारे त्यांचे. नीरा मिळाली नाही तरी त्या सुमारास रसवंतीवर उसाचा रस मिळतो. दोन बाटल्यांत ताजा रस घ्यावा, एकीत चुन्याची निवळी घालावी. दर दोन तासांनी दोन्हींना लिटमस लावावा, वास घ्यावा, फेस पाहावा. चव घेऊ नये. निवळी नसलेल्या बाटलीत यीस्ट साखर खाऊन मद्यार्क व कर्बवायू तयार करतात आणि जिवाणू आम्ल बनवतात. चुन्यामुळे रस अल्कधर्मी राहतो व ही क्रिया रोखली जाते. नीरेची ताडी होऊ नये म्हणून मडक्याला आतून चुना लावतात तो यासाठीच. दुसऱ्या दिवशी सकाळी बाटल्या पुन्हा पाहाव्यात, आणि झाकण जरा सैल ठेवावे.