विजेच्या गिटारीचा पहिला पाठ

पुण्याच्या वायव्येस, मुंबईहून बंगळूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यालगत ताथवडें हें गांव आहे. २००९ सालीं तें पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेंत समाविष्ट झालें. आज तेथें महाविद्यालयें व उंच इमारती दाटल्या आहेत. अशा वस्तींत एखादा तरुण विजेची गिटार घेऊन सरावास बसला, कीं शेजाऱ्यांस तो नुसता गोंगाट वाटतो. आणि त्या तरुणासही पुष्कळदां वाटतें, कीं ही विद्या म्हणजे केवळ वेग. या दोन्ही समजुती सारख्याच चुकीच्या आहेत, हें या वादनाच्या इतिहासावरून दिसून येईल.

या शैलीचें मूळ गिटारींत नसून व्हायोलिनांत आहे. इटलींतील निकोलो पागानिनी (१७८२–१८४०) यानें एकट्या व्हायोलिनासाठीं रचलेल्या चोवीस ‘कॅप्रिस’ १८२० सालीं प्रसिद्ध झाल्या, आणि एका वादकाचा हात कोठवर जाऊं शकतो याचें जणूं मापच ठरून गेलें. साध्या गिटारीस हें अनुकरण कठीण होतें, कारण तिची तार छेडतांच नाद विरूं लागतो. विजेच्या साहाय्यानें तो नाद वाढवितां व लांबवितां येऊं लागला, तेव्हां ती गजानें वाजणाऱ्या वाद्याच्या जवळ आली. ‘डीप पर्पल’ या इंग्रज वाद्यवृंदांतील रिची ब्लॅकमोर यानें १९७२ च्या सुमारास बाखच्या धर्तीचे स्वरसमूह आपल्या वादनांत आणले. स्वीडनच्या इंग्वे माल्मस्टीन यानें १९८४ सालीं ‘रायझिंग फोर्स’ या ध्वनिमुद्रिकेनें त्या शैलीस निश्चित रूप दिलें.

शिकणाऱ्याचा पहिला पाठ एका स्वरमालिकेचा असतो. तींत गांधार व धैवत कोमल, बाकीचे स्वर शुद्ध. पाश्चात्त्य तिला ‘हार्मोनिक मायनर’ म्हणतात. मराठी रसिकांस ती किरवाणी म्हणून परिचित आहे. कर्नाटक पद्धतींतील हा एकविसावा मेळ उत्तरेकडील वादकांनीं आपलासा केला, जरी पं. विष्णु नारायण भातखंडे यांच्या दहा थाटांपैकीं एकांतही तो बसत नाहीं. कोमल धैवत व शुद्ध निषाद यांमधील दीड स्वराचें अंतर हा तिचा प्राण होय. पंचमास षड्ज मानून हीच मालिका वाजविली, तर बसंतमुखारीचे स्वर मिळतात. दुसरा पाठ आघाताचा: खालीं-वर, आलटून पालटून, सतारीच्या ‘दा-रा’प्रमाणें. तिसऱ्या पाठांत एका स्वरसंघाचे स्वर निरनिराळ्या तारांवर ओळीनें घ्यावयाचे, तेही एकाच दिशेच्या सलग आघातानें. स्वर वाजतांच बोट सैल न केल्यास सारे स्वर एकमेकांत मिसळतात.

शिस्तीचा हा मार्ग आपल्याकडे नवा नाहीं. पोर्तुगीज अमदानींत गोव्यांतील चर्चच्या शाळांतून मुलांस स्वरलिपि व व्हायोलिन शिकवीत. गोव्यांतील माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस (१९२७–२०१२) मुंबईच्या चित्रपटसंगीतांत नांवारूपास आले. संगीतकार प्यारेलाल हे त्यांचे शिष्य. १९५८ सालीं गोन्साल्विसांनीं वाद्यवृंद उभारून रागांवर आधारलेल्या रचना सादर केल्या. पं. विष्णु दिगंबर पलुसकरांनीं १९०१ सालीं लाहोरास गांधर्व महाविद्यालय स्थापून स्वरलिपीच्या आधारें वर्गांत गायन शिकविण्याची प्रथा रूढ केली. दोन्ही परंपरांत क्रम एकच: आधीं स्वर, मग लय, आणि वेग सर्वांच्या शेवटीं.

गिटारीच्या विद्यार्थ्यास हा क्रम अधिकच पाळावा लागतो; कारण विजेचें यंत्र नादाबरोबर दोषही वाढवितें. चुकून हललेली तार तेथें लपत नाहीं. ती तळहातानें दाबून धरावयास प्रथम शिकावें लागतें. म्हणून चार स्वरांचा एक पलटा घ्यावा, विलंबित लयींत तो निर्मळ वाजेपर्यंत घोटावा, आणि मगच लय किंचित् वाढवावी. वाढविलेल्या लयींत एक स्वर जरी अस्पष्ट झाला, तरी मागें यावें. हें मागें येणें ज्यास साधलें, त्याच्या सरावांतून शेजाऱ्यांसही गोंगाटाऐवजीं हळूहळू किरवाणी ऐकूं येऊं लागेल.