किंगरीपुढचा श्रोता

आवडत्या कादंबरीकाराला गाठून त्याच्या नायकाची चौकशी करण्याची हौस आम्हां मराठी वाचकांस काही नवी नाही. नाथमाधवांची ‘वीरधवल’ १९१३ साली निघाली. तिच्यासारख्या अद्भुतरम्य कादंबऱ्यांवर ज्या घरांतील मुले वाढली, त्या घरांत लेखक केव्हा लिहितो, त्याला ही पात्रे सुचतात तरी कशी, आणि अमक्या सज्जन पात्राचा त्याने छळ का मांडला, हे प्रश्न जेवणाच्या पानावरही निघावयाचे. लेखक आणि वाचक यांचे हे नाते छापखान्याने निर्माण केले, असा आमचा सर्वसाधारण समज असतो. जुन्या चांदा जिल्ह्याचा, म्हणजे १९८२ पासून ज्याचे चंद्रपूर व गडचिरोली असे दोन जिल्हे झाले त्या अरण्यमय मुलुखाचा, वाङ्मयेतिहास पाहिला म्हणजे हा समज टिकत नाही.

या मुलुखात कथा सांगणे हा परधानांचा वंशपरंपरेचा अधिकार होय. परधान हा गोंडांचा भाट. त्याच्या हाती किंगरी हे तीन तारांचे वाद्य, आणि मुखी गोंड कुळांच्या उत्पत्तीपासूनच्या कथा. परधानांचे एकेक घराणे गोंडांच्या ठरावीक कुळांशी बांधलेले असते. देवकार्यात, लग्नात, मृत्यूनंतरच्या विधीत त्याने यावे, गावे, आणि धान्य, वस्त्र, प्रसंगी जनावर घेऊन जावे, असा हा व्यवहार. १७५१ साली चांद्याचे गोंड राज्य नागपूरकर भोसल्यांकडे गेले. दरबार मोडला, तरी गावोगावच्या यजमानांनी हा भाट मोडू दिला नाही.

मराठी वाचकांस कौतुक वाटावे अशी यातली एक गोष्ट आहे. व्हिएन्नाचे मानववंशशास्त्रज्ञ फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांनी १९४१ पासून निजामाच्या आदिलाबाद जिल्ह्यात राहून गोंडांचा अभ्यास केला. आज चंद्रपुरात असलेला राजुऱ्याचा भाग त्या वेळी याच आदिलाबादेत मोडत होता. त्यांना असे आढळले की, तिथल्या परधानांची घरची बोली मराठी, पण किंगरी हाती घेतली की कथा मात्र गोंडीत. आपल्या मायबोलीत नव्हे, तर श्रोत्याच्या मायबोलीत रचना करणारा हा कवी! कोणत्या भाषेत गावे हेसुद्धा जिथे श्रोत्यावर ठरते, तिथे त्याच्या आवडीनिवडीचा वचक केवढा असेल, हे निराळे सांगावयास नको. चार, पाच, सहा किंवा सात देवांच्या ज्या शाखेत यजमान मोडतो, तिच्याच पूर्वजांचे पराक्रम ऐकावयास तो बसलेला असतो.

या सर्व श्रोत्यांचा लाडका पुरुष म्हणजे लिंगो. त्याला कादंबरीतल्या नायकाच्या पंक्तीस बसविणे गोंडांस रुचणार नाही, आणि ते योग्यही नव्हे. तो त्यांचा धर्मसंस्थापक आहे. पण देवावर जीव जडतो तोही बहुधा कथेतूनच. शिकारीचे मांस भाजावयास विस्तव हवा म्हणून लिंगोचा धाकटा भाऊ रिकाड गवाडी नावाच्या राक्षसाच्या शेतात जातो, आणि राक्षस त्यालाच भक्ष्य समजून मागे लागतो. मग लिंगो स्वतः निघतो. त्याच्या हाती शस्त्र नसते. तो भोपळ्याचे वाद्य करतो, त्याला केसांच्या तारा लावतो, झाडावर चढून वाजवू लागतो. आणि तो म्हातारा राक्षस व त्याची म्हातारी दोघेही नाचू लागतात. तारा छेडीत बसलेल्या परधानाने हा प्रसंग सांगताना काय रंग भरला असेल! कवीने आपल्या धंद्याची एवढी सुंदर तरफदारी क्वचितच कुठे केली असेल.

ही कथा कागदावर प्रथम उतरविली ती स्टीफन हिस्लॉप या नागपूरच्या मिशनऱ्याने, एका परधानाच्या तोंडून. हिस्लॉप १८६३ साली बुडून मरण पावले, आणि मध्यप्रांताचे चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल यांनी त्यांचे कागद १८६६ साली छापले. ग्रंथाच्या पहिल्या पानावर हिस्लॉप व टेंपल ही दोन नावे आहेत, सांगणाऱ्याचे नाही. पुढे १८७१ साली फॉर्साइथ यांनी मध्य हिंदुस्थानच्या डोंगरी प्रदेशावरील आपल्या पुस्तकात ती संक्षेपाने इंग्रजी पद्यात आणली, तीही लाँगफेलोच्या ‘हायावाथा’च्या चालीवर. किंगरीची तार अमेरिकन छंदात बसविण्याचा हा उद्योग आम्हांस तरी थोडा विनोदीच वाटतो.

हिस्लॉप यांच्या पाठात महादेव-पार्वती फार आहेत, तो शुद्ध गोंडी नव्हे, असा आक्षेप विद्वान घेत आले आहेत. आम्हांस तो निम्माच पटतो. त्या दिवशी परधानापुढे कुळातली म्हातारी माणसे नव्हती, लेखणी घेतलेला एक परदेशी पाद्री होता. श्रोता बदलला की कथा बदलते. तेव्हा तो पाठ बिघडलेला म्हणण्यापेक्षा त्या एका श्रोत्याचा आहे असे म्हणणे आम्हांस अधिक न्याय्य वाटते. इंद्रावतीपलीकडे बस्तरातील मुरियांचा लिंगो पहा: तो घोटुलाचा संस्थापक, एकाच वेळी अठरा वाद्ये वाजविणारा. तरुण मुलामुलींच्या त्या मेळ्याला असाच लिंगो हवा होता, आणि तो त्यांना मिळाला. यांतला खरा कोणता, हा प्रश्न ग्रंथालयात सुचतो.

छापील पाठ उपकारक झाला यात शंका नाही; त्यावाचून आम्ही ही कथा वाचलीच नसती. पण छापलेल्या लिंगोला कोणी मध्येच थांबवीत नाही, आपल्या कुळाचे नाव राहिले म्हणून कोणी रुसत नाही, की पुन्हा एकदा राक्षस नाचवा म्हणून कोणी अडून बसत नाही. गोंडी बोलणारे २०११ च्या खानेसुमारीत सुमारे ३० लक्ष भरले. त्यांतले किती जण किंगरीपुढे रात्र काढतात, याचा रकाना खानेसुमारीत नसतो.

कथेत महादेवाने गोंडांना एका गुहेत कोंडून तोंडावर धोंड लोटली, आणि लिंगोने त्यांना सोडविले. ती गुहा गोंदिया जिल्ह्यातील कचारगडची, अशी गोंडांची श्रद्धा आहे. माघी पौर्णिमेस तिथे यात्रा भरते, चंद्रपूर-गडचिरोलीकडूनही माणसे जातात, आणि जिथून आपले पूर्वज बाहेर पडले त्या काळोखात एकदा आत जाऊन येतात.