मीठ, वाफ आणि कफ

मार्गशीर्ष-पौषांत तापीच्या खोऱ्यांतील थंडी बोचूं लागली, आणि शेतांतला कापूस गाड्यांवर चढून जिनांकडे निघाला, कीं धुळें, जळगांव, अमळनेर या गांवांतून खोकल्याचे आवाज वाढूं लागतात. मग घरांतील वडील माणूस चुलीवर पातेलें चढवितें, पाण्यांत ओवा, निलगिरीचें तेल किंवा चिमूटभर मीठ टाकतें, आणि आजाऱ्याच्या डोक्यावरून चादर घालून त्याला वाफारा घ्यावयास लावतें. वाफाऱ्यानें नाक मोकळें होतें, घशाला ऊब मिळते, आजाऱ्याला बरें वाटतें. परंतु त्या चिमूटभर मिठाचें काय होतें? तें छातीपर्यंत पोंचतें काय?

याचें उत्तर मिठागरांतला कोणीही आगरी देईल. खाचरांत समुद्राचें पाणी कोंडलें म्हणजे सूर्य पाणी घेऊन जातो आणि मीठ मागें ठेवतो. समुद्रावरून उठलेल्या ढगांचा पाऊस गोड असतो तो याच कारणानें. पातेल्यांतही तेंच घडतें. वाफ वर जाते, मीठ तळाशीं राहतें. तेव्हां वाफाऱ्यांतील मिठाचा छातीशीं संबंध येत नाहीं. पण एवढ्यावरून आजीबाईचा विचार खुळा होता असें म्हणणें मात्र चुकीचें ठरेल. मिठानें कफ सुटतो ही तिची समजूत खरी होती. चुकला होता तो केवळ मार्ग. मीठ श्वासाबरोबर फुप्फुसांत न्यावें कसें, हें उमगावयास मनुष्याला फार मोठा काळ लागला, आणि त्या काळाचा इतिहास मनोरंजक आहे.

आयुर्वेदानें मिठाचा हा गुण फार पूर्वींच ओळखला होता. चरकसंहितेंत लवणरसाचे गुण सांगतांना तो कफाला पातळ करून वाहावयास लावतो असें म्हटलें आहे. याच संहितेच्या चिकित्सास्थानांत उचकी व श्वास यांवर जो अध्याय आहे, त्यांत आजाऱ्याच्या अंगाला मीठ मिसळलेलें तेल चोळून त्याला शेक द्यावा असा उपचार आहे. डोंगरकपारींतील बर्फ सूर्याच्या उन्हानें वितळावें, तसा शरीरांत घट्ट बसलेला कफ शेकानें वितळतो, हा तेथला दृष्टांत. दुसऱ्या बाजूला, औषध श्वासावाटे घेण्याची रीतही चरकाला ठाऊक होती. औषधी द्रव्यांची वात करून तिचा धूर नळीनें ओढावा, यास धूमपान म्हणत, आणि त्याचे प्रकार व वेळा सूत्रस्थानांत सविस्तर दिल्या आहेत. म्हणजे मीठ कफ सोडवितें हें माहीत होतें, आणि श्वास औषधाचें वाहन होऊं शकतो हेंही माहीत होतें. परंतु मीठ राहिलें अंगावर, आणि श्वासावाटे गेला तो धूर. या दोन गोष्टींची गांठ पडली नाहीं.

हठयोग्यांनीं याच प्रश्नाला निराळ्या बाजूनें हात घातला. ज्याच्या शरीरांत मेद आणि कफ अधिक, त्यानें प्राणायामापूर्वीं षट्कर्में करावीं, असें हठप्रदीपिका सांगते. या सहा क्रियांपैकीं धौतीनें खोकला व दमा जातो असा तिचा दावा आहे. हल्लीं नाकांतून कोमट मिठाचें पाणी सोडण्याची जी जलनेति लोकप्रिय आहे, ती या कुटुंबांतलीच. अशा क्रियांना प्रयोगशाळेंत आणणाऱ्या पुरुषाचा खानदेशाशीं जवळचा संबंध होता, हें येथें आवर्जून सांगितलें पाहिजे. धुळ्याहून फारशा दूर नसलेल्या, बोरीकांठच्या अमळनेरास खानदेश शिक्षण मंडळाच्या संस्थांत जगन्नाथ गणेश गुणे यांनीं अध्यापन केलें. हेच पुढें स्वामी कुवलयानंद झाले. त्यांनीं १९२४ सालीं लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापिलें, त्याच वर्षीं 'योगमीमांसा' हें नियतकालिक सुरू केलें, आणि नौली, उड्डियान यांसारख्या क्रियांचा क्ष-किरणांच्या साह्यानें अभ्यास केला. एखादी क्रिया परंपरेनें चालत आली एवढ्यावर समाधान न मानतां, तिनें शरीरांत नेमकें काय होतें तें मोजून पाहावें, ही दृष्टि त्यांनीं योगाच्या अभ्यासांत आणली. आपल्या विषयांतही शेवटीं निर्णय लागला तो याच दृष्टीनें.

जलनेतींत मीठ कां घालतात? साधें पाणी नाकांत गेलें तर झोंबतें. शरीरांतील रसाइतकें, म्हणजे शंभर भागांत सुमारें नऊदशांश भाग मीठ असलें तर झोंबत नाहीं. पण हें पाणी नाकापुरतेंच. त्याच्या पलीकडे श्वासनलिकेच्या दाराशीं निसर्गानें कडक पहारा ठेवला आहे. थेंबभर पाणी चुकून आंत गेलें तरी ठसका लागून तें बाहेर फेंकलें जातें. तेव्हां अडचण अशी कीं, खारें पाणी पाण्याच्या रूपानें छातींत जाऊं शकत नाहीं, आणि वाफेच्या रूपानें गेलें तर मीठ मागें राहतें. यावर एकच वाट उरते. पाणी उकळावयाचें नाहीं, तर फोडावयाचें. इतकें बारीक फोडावयाचें कीं त्याचें धुकें व्हावें आणि प्रत्येक कणाबरोबर त्यांतलें मीठही जावें. कण मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहून मोठा असला तर तो नाकाघशांतच अडकतो. फुप्फुसांत खोलवर जावयाचें तर तो मिलिमीटरच्या हजाराव्या भागापासून त्याच्या पांचपटीपर्यंतच असावा लागतो. मनुष्याचा केसही याच्या कितीतरी पट जाड असतो.

युरोपांत ही वाट हळूहळू सांपडली. १७७८ सालीं इंग्लंडांत प्लिमथच्या जॉन मज या वैद्यानें झांकणाला नळी बसविलेलें एक भांडें प्रसिद्ध केलें. त्यांत कढत पाणी घालून नळीनें श्वास ओढावयाचा. 'इन्हेलर' हें नांव त्यानेंच रूढ केलें. पण तोही शेवटीं वाफाराच होता. जर्मनींत मिठाच्या कारखान्यांतून कांटेरी फांद्यांच्या उंच भिंती रचून त्यांवरून खारें पाणी ठिबकत ठेवीत. हेतु होता पाणी उडवून मीठ दाट करण्याचा. परंतु त्या भिंतींच्या वाऱ्याला खारे तुषार उडत, आणि तेथें फिरल्यानें छाती हलकी होते असा अनुभव येऊन हीं स्थळें आरोग्यधामें बनलीं. खरें यंत्र आलें तें १८५८ सालीं. फ्रान्समधील पिएरफों येथील झऱ्यावरचे वैद्य झां साल-झिरों यांनीं खनिज पाणी पंपाच्या जोरानें फोडून त्याचे तुषार करणारें, उचलून नेतां येण्याजोगें उपकरण केलें. हे तुषार फुप्फुसांपर्यंत जातात कीं घशांतच विरतात, यावर त्या काळच्या वैद्यांत मोठा वाद झाला. पुढें रबरी गोळा दाबून चालणारीं कांचेचीं उपकरणें आलीं, आणि नंतर दाबलेल्या हवेवर चालणारा, हल्लीं प्रत्येक मोठ्या रुग्णालयांत दिसणारा नेब्युलायझर.

यंत्र हातीं आलें, तरी खारे तुषार कोणास व कां द्यावे, हा प्रश्न उरलाच. १९५८ सालीं अमेरिकेंत बिकरमन व त्याच्या सहकाऱ्यांनीं त्यांचा उपयोग रोगनिदानासाठीं केला. ज्याला बेडका पडत नाहीं, त्याला तीव्र मिठाचे तुषार दिले म्हणजे खोकून कफ पडतो, आणि त्यांत कर्करोगाच्या पेशी शोधतां येतात. हीच युक्ति पुढें क्षयाच्या निदानांत फार मोलाची ठरली. लहान मुलाला थुंकी काढतां येत नाहीं, म्हणून पहांटे नळी घालून त्याच्या पोटांतलें पाणी काढावें लागे. २००५ सालीं केपटाउन येथील डॉक्टरांनीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत, खाऱ्या तुषारांनीं मिळविलेला एक नमुना अशा तीन नमुन्यांच्या तोडीचा ठरला. क्षयानें जेथें अजून हजारों घरें ग्रासलीं आहेत, त्या आपल्या देशाला ही गोष्ट लहान नाहीं.

उपचार म्हणून मिठाची खरी कसोटी लागली ती निराळ्याच रोगांत. युरोपांत जुनी समजूत होती कीं, ज्या मुलाच्या कपाळाचा मुका घेतां खारट लागतो, तें फार दिवस जगत नाहीं. १९३८ सालीं न्यूयॉर्कच्या डॉरोथी अँडरसन या विदुषीनें या रोगाचें शास्त्रीय वर्णन केलें. त्यास सिस्टिक फायब्रोसिस म्हणतात. १९४८ च्या उन्हाळ्यांत त्या शहरांत उष्म्याची लाट आली, तेव्हां हीं मुलें विशेष संख्येनें कोसळलीं. त्याचा माग काढून १९५३ सालीं दि सांताग्नेस यांनीं त्यांच्या घामांतील जास्त मीठ मोजून दाखविलें. त्यामागचें जनुक १९८९ सालीं सांपडलें. या रोगांत पेशींच्या भिंतींतून क्षार नेणारी वाट बिघडलेली असते. निरोगी श्वासनलिकेच्या अस्तरावर पाण्याचा पातळ थर असतो. त्यांत सूक्ष्म केस सारखे हलत असतात आणि वरचा कफ घशाकडे ढकलीत राहतात. हा थर आटला कीं केस चिकटतात, कफ डिंकासारखा होतो, आणि त्यांत जंतूंचें घर होतें. मग मुलाच्या प्रत्येक श्वासासाठीं आईबापांना झगडावें लागतें.

ऑस्ट्रेलियांत सिडनीच्या डॉक्टरांचें लक्ष एका गोष्टीकडे गेलें. यांपैकीं जे तरुण समुद्राच्या लाटांवर फळीवरून खेळावयास जात, त्यांची छाती इतरांपेक्षां बरी राहत असे. समुद्राच्या फेसाळ हवेंतील खारे तुषार त्यांच्या उपयोगीं पडत असावेत असा तर्क निघाला. कारणही सुसंगत होतें. जेथें मीठ अधिक, तिकडे पाणी ओढलें जातें. लोणच्याच्या बरणींत फोडींना पाणी सुटतें तें यामुळेंच. १९९६ सालीं सिडनीच्या रॉबिन्सन व सहकाऱ्यांनीं दाखविलें कीं तीव्र मिठाच्या तुषारांनीं कफ वेगानें वर सरकतो. मग २००६ सालीं एल्किन्स, बाय व सहकाऱ्यांचा मोठा प्रयोग प्रसिद्ध झाला. १६४ रोगी, ४८ आठवडे, दिवसांतून दोनदां चार मिलिलिटर. अर्ध्यांना शेंकडा सात भाग मिठाचें पाणी, अर्ध्यांना शरीराइतकेंच सौम्य. सात टक्के म्हणजे समुद्राच्या दुप्पट खारट. चवीवरून कोणाला कोणतें हें ओळखतां येऊं नये, म्हणून दोन्हींत कडू क्विनाइन मिसळलें होतें. फुप्फुसाच्या शक्तींत पडलेला फरक लहान होता. पण तीव्र मिठाच्या गटांत शंभरांतील ७६ जणांना रोगाचा झटका आला नाहीं, सौम्य गटांत ६२ जणांना. मुलाच्या घरीं या आंकड्याचा अर्थ शाळेंतले अधिक दिवस आणि रुग्णालयांतल्या कमी रात्री असा होतो.

यश मिळालें म्हणून मीठ सर्व रोगांवर रामबाण ठरलें नाहीं. तान्ह्या मुलांच्या श्वासनलिकादाहावर त्याची मोठी आशा होती. २०१४ सालीं प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील प्रयोगानें ती फोल ठरविली. तीव्र मिठानें कित्येकांच्या श्वासनलिका आंवळतात, म्हणून आधीं त्या सैल करणारें औषध द्यावें लागतें. सिस्टिक फायब्रोसिसमध्येंही, मूळ दोषावर काम करणारीं नवीं औषधें मिळालेल्यांना मीठ थोडे दिवस सोडलें तरी तोटा होत नाहीं असें २०२२ च्या प्रयोगांत दिसलें. मात्र तीं औषधें इतकीं महाग आहेत कीं जगांतील बहुसंख्य घरांच्या आवांक्यांत नाहींत. हा रोग हिंदुस्थानांत नसतोच, ही जुनी समजूतही आतां टिकलेली नाहीं. आणि गरीब घरच्या आजारी मुलाला साध्या मिठाच्या पाण्याचें मोल अजून मोठें आहे. अर्थात् तें निर्जंतुक, मोजून केलेलें आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीं दिलेलें असावें लागतें. घरच्या मिठाचें पाणी त्या यंत्रांत घालणें धोक्याचें आहे.

तेव्हां धुळ्याच्या घरांतील पातेल्यानें निरोप घ्यावा असें कांहीं नाहीं. सर्दीला वाफारा जरूर घ्यावा. मुलाला पोळूं नये म्हणून भांडें त्याच्यापासून दूर ठेवावें, आणि मीठ भाजीसाठीं राखून ठेवावें. पण एका गोष्टींत घरगुती उपायावर विसंबूं नये. खोकला दोन आठवड्यांवर गेला, वजन घटूं लागलें, संध्याकाळीं ताप येऊं लागला, तर चुलीवर पुन्हा पाणी न चढवितां रोग्याला सरकारी दवाखान्यांत नेऊन थुंकीची तपासणी करून घ्यावी. थुंकी पडत नसेल, तर ती मिळविण्याची वाट मिठानें आतां दाखविली आहे.