मिरजेचा तंबोरा विमानात बसतो तेव्हा

मिरजेच्या सतारमेकर गल्लीतून जाताना सुकलेल्या भोपळ्यांची रास आम्हाला नेहमी थांबवते. हा भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या मळ्यांत पिकतो. कारागीर तो कोरतात, पाण्यात भिजवून आकार देतात आणि गुळूने तुणीच्या लाकडी दांडीला जोडतात. हे कसब शिकलगारांचे. हत्यारांना धार लावणे हा त्यांचा मूळ धंदा. इंग्रजी अमलात हत्यारांची मागणी आटली. तेव्हा फरीदसाहेबांसारख्यांनी वाद्यदुरुस्ती व पुढे वाद्यनिर्मिती हाती घेतली.

त्या काळी तंबोरा रेल्वेने, गवयाच्या नजरेसमोर प्रवास करी. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ 1937 च्या ऑक्टोबरमध्ये मद्रासहून पाँडिचेरीला निघाले होते. वाटेत प्रकृती बिघडली म्हणून सिंगपेरुमालकोईल स्टेशनावर उतरले. फलाटावरच तंबोरा जुळवून घेतला, इबादतीत सूर लावला आणि तिथेच त्यांचा इंतकाल झाला. मिरजेत मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात ते विसावले आहेत. अखेरच्या घडीला वाद्य हाताशी होते, हे भाग्य पुढे दुर्मीळ झाले.

1955 मध्ये अली अकबर खाँ न्यूयॉर्कला गेले, 1956 मध्ये रविशंकरांचा युरोप-अमेरिका दौरा झाला. परदेशच्या मैफली वाढल्या आणि वाद्यांना विमानाचा रस्ता धरावा लागला. मर्दानी तंबोरा पाच फुटांच्या आसपास; तो डोक्यावरच्या कप्प्यात मावत नाही. सामानाच्या पोटात गेला तर एका धक्क्याने भोपळ्याला तडा जातो किंवा गुळूचा सांधा निखळतो. परदेशातल्या कोरड्या, तापवलेल्या खोल्यांत लाकूड आकसते ते वेगळेच. म्हणून जाणकार तारा सैल करतात, घोडीखाली कापड घालतात, भोपळ्याभोवती गादी गुंडाळून फायबरच्या पेटीत ठेवतात. ऐपत असलेले वाद्यासाठी स्वतंत्र तिकीट काढतात. अमेरिकेत 2012 च्या कायद्याने, आणि 2015 पासून लागू झालेल्या नियमांनी, जागा असल्यास लहान वाद्य केबिनमध्ये नेण्याचा हक्क दिला. आमच्या तंबोऱ्याला त्याचा उपयोग थोडाच.

दरम्यान 1979 साली बंगळूरच्या राज नारायण यांनी इलेक्ट्रॉनिक तंबोरा बनवला. तो पिशवीत मावतो, फुटत नाही. प्रवासी गवयाला तो सोयीचा वाटला, यात त्याचा दोष नाही. पण प्रत्येक सोयीगणिक गल्लीतली एक मागणी कमी होते, हेही खरे.

2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. आनंद आहे. मात्र मानांकन गावाला मिळते. फुटलेला भोपळा सांधायला हात लागतात. ते हात आपल्याच मोहल्ल्यातले आहेत. मैफलीच्या पत्रिकेवर गवयाचे नाव असते, साथीदारांचे असते. वाद्य घडवणाऱ्याचे क्वचितच. संगीताच्या इतिहासात आपला वाटा कोणता, असे आपली मुले विचारतील. तेव्हा दर्ग्यातल्या खाँसाहेबांइतकेच या गल्लीकडेही आपण बोट दाखवले पाहिजे. त्या दिवशी गल्लीत रंधा चालू असावा, एवढी दुआ.