मास्तर, डाव्या अंगाला बसा

मागच्या महिन्यात पुण्याहून नातीचा फोन आला. “आबा, आम्ही क्रूझला जातोय. मुंबई, गोवा, लक्षद्वीप. आतली खोली घेऊ, खिडकीची घेऊ की बाल्कनीची? आणि जहाजाच्या कोणत्या बाजूची?”

घरातल्यांना नवल वाटलं. तीर्थपुरीत ओट्यावर बसलेल्या म्हाताऱ्याला हे विचारायचं? आमच्याकडे पाणी म्हणजे विहीर, पाझर तलाव आणि दक्षिणेला गोदावरी. गोदेला पाणी असलं की चप्पूत बसून पलीकडे बीड जिल्ह्यात उतरायचं, एवढंच आमचं जलपर्यटन. अंबडच्या मत्स्योदरी देवीची टेकडी माशाच्या आकाराची. लहानपणी आईच्या कडेवरून मी पाहिलेला सगळ्यात मोठा मासा तोच. पण नातीनं बरोबर माणसाला विचारलं होतं. 1974 ते 1986 अशी बारा वर्षं मी मालवण तालुक्यात प्राथमिक शिक्षक होतो, आणि भाऊच्या धक्क्यावरून सुटणाऱ्या कोकण बोटीनं किती वेळा गेलो याची मोजदाद मी ठेवलेली नाही.

रुजू व्हायला गेलो तो जूनमध्ये. पावसाळ्यात बोट बंद, त्यामुळे एस.टी.नं हाडं खिळखिळी करत गेलो. तेव्हा तो सगळा मुलूख रत्नागिरी जिल्ह्यातच होता. 1 मे 1981 ला सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला, आणि त्याच दिवशी आमचा जालना जिल्हाही झाला. नोकरीचा जिल्हा आणि जन्माचा जिल्हा एकाच तारखेला जन्मले, याचं मला अजून कौतुक वाटतं.

बोटीत पहिल्यांदा पाय ठेवला तो दिवाळीच्या सुट्टीनंतर परतताना. तीर्थपुरीहून एस.टी.नं जालना, तिथून मीटरगेजच्या गाडीनं मनमाड, तिथं गाडी बदलून मुंबई, आणि सकाळी वळकटी खांद्यावर टाकून भाऊचा धक्का. हा धक्का बांधणारे भाऊ म्हणजे लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य. त्यांचं नाव किती जणांना ठाऊक असेल कोण जाणे, पण ‘भाऊ’ मात्र रोज हजारोंच्या तोंडी आहे. बोट सकाळी दहाच्या सुमाराला सुटायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पणजीला लागायची. वाटेत कोकणातली बंदरं.

तिकिटाच्या खिडकीवर दोन शब्द ऐकू यायचे, अप्पर आणि लोअर. केबिनीही होत्या, साध्या आणि डिलक्स. मालकाची केबिन म्हणून एक सगळ्यात भारी असायची. पण आमच्यासारख्यांना विचार करायचा तो वरच्या डेकचा की खालच्या डेकचा, एवढाच. खालचा डेक स्वस्त. तिथं इंजिनाची धग, तेलाचा वास, गोणी, ट्रंका, करंड्या, आणि त्यांच्या मधल्या फटीत आडवी झालेली माणसं. वरच्या डेकला वारा आणि उजेड. त्या काळात गोव्याला निघालेली लांब केसांची गोरी पोरंही वरच्या डेकवरच पथारी पसरून गिटार वाजवत बसायची.

आणि जागेला नंबर नव्हता. तिकीट डेकचं असायचं, जागेचं नाही. धक्क्यावरचे काही जण आधीच आत शिरून चटया अंथरून ठेवत आणि मग ती चटई प्रवाशाला विकत. मी भांबावून उभा होतो. तेवढ्यात माझ्याच केंद्रातले एक वयस्कर गुरुजी भेटले. त्यांनी माझा दंड धरला नि म्हणाले, “मास्तर, जाताना डाव्या अंगाला बसायचं.”

का, ते दुपारी कळलं. मुंबईहून दक्षिणेला निघालं की किनारा डाव्या हाताला राहतो. बारापर्यंत तिकडून ऊन लागतं खरं, पण एकदा सूर्य कलला की उजवी बाजू संध्याकाळपर्यंत भाजून निघते आणि डावीकडे सावली. संध्याकाळनंतर डावीकडेच गावांचे दिवे दिसतात, आणि रात्री जमिनीवरून सुटलेला गार वाराही तिकडूनच येतो. परतीला हे सगळं उलटं. तेव्हा उजवीकडे बसायचं.

दुसरी गोष्ट त्यांनी शिकवली ती लांबीची. टोकाला बसू नका, नाळ प्रत्येक लाटेला वर जाते नि खाली आदळते. अगदी मागे बसू नका, तिथं पंखा पाणी कापतो त्याची थरथर पाठीला लागते नि धूर नाकात जातो. बोटीच्या मधोमध बसा. झोपाळ्याची फळी किती का हलेना, वरची कडी जागची हलत नाही, तसं ते आहे. ज्याला बोट लागते त्यानं तर मधोमधच बसावं. ‘बोट लागणं’ हा शब्द आता पुसट झाला. लोक म्हणतात गाडी लागते. मळमळायला लागलं की त्या बोटीवर प्रत्येक बाई दुसऱ्या बाईच्या हातावर लिंबाची फोड किंवा आल्याचा तुकडा ठेवायची. नाव-गाव विचारायच्या आधी. माझ्या फडक्यातले धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी त्या दिवशी चार अनोळखी पानांत गेली, आणि माझ्या पानात सुक्या बांगड्याचा तुकडा आला. तो मी खाल्ला, ही गोष्ट आईला कधी सांगितली नाही.

पण जागेचा खरा हिशोब वेगळाच होता, आणि आजच्या क्रूझमध्ये नेमका तोच उरलेला नाही. तुम्ही कुठं उतरणार यावर तुमची जागा ठरायची. हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, मुसाकाजी, जैतापूर, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले ही नावं जुन्या माणसांना अभंगासारखी पाठ असत. रत्नागिरीला उतरणारा दिवेलागणीलाच सामान बांधून बसायचा. वेंगुर्ल्याचा निवांत झोपायचा. देवगड-मालवणवाल्यांची मात्र पंचाईत. त्यांचं बंदर यायचं ऐन रात्री किंवा पहाटेच्या अंधारात, म्हणून त्यांनी शिडीच्या जवळ, अर्ध्या झोपेत. तेव्हा बोट म्हणजे रस्ता होता आणि बंदर म्हणजे घर.

मालवणला बोट धक्क्याला लागत नसे. पाण्यात खडक, त्यामुळे सिंधुदुर्ग किल्ल्याच्या बाहेरच नांगर टाकायचा, भोंगा वाजायचा, आणि काळोखातून कंदील हलवत पडाव यायचे. पडाव म्हणजे माणसं नि माल किनाऱ्यावर पोचवणारी मोठी होडी. त्या पहिल्या वेळी बोटीच्या कुशीला दार उघडलं होतं, खाली शिडी, शिडीखाली पडाव. तो पडाव एका क्षणी पायाशी यायचा आणि पुढच्या क्षणी पुरुषभर खाली जायचा. मी गोठलो. पाठीमागे माणसांची रांग, हातात वळकटी, वळकटीत वर्षाची टाचणवही. खालून खलाशी ओरडला, “मास्तरानू, लाट वर इली की पाय टाका! खाली बघू नकात!” पडाव वर आला, त्यानं माझं मनगट न धरता दंड धरला, आणि मी पलीकडे होतो. मनगट निसटतं, दंड निसटत नाही. त्याच्या तळव्याचे घट्टे मला सदऱ्यातून जाणवले. माझ्यामागून त्यानं एका बाळंतिणीला, तिच्या तान्ह्याला, दोन कोंबड्यांना आणि एका शिवणयंत्राला तसंच उतरवून घेतलं.

या सेवेचा इतिहास शंभर वर्षांहून मोठा आहे. एकोणिसाव्या शतकात शेफर्ड कंपनीच्या आगबोटी सुरू झाल्या, पुढे बाँबे स्टीम नॅव्हिगेशन, मग सिंदिया, मग चौगुले. 1973 साली केंद्र सरकारनं कायदा करून चौगुल्यांकडच्या कोकण बोटी ताब्यात घेतल्या. ‘कोकण सेवक’ त्यांतलीच, आणि मी पहिल्यांदा चढलो तीही हीच. चालवायचं काम सोपवलं मोगल लाइनकडं.

मोगल लाइन हे नाव तिकिटावर वाचलं आणि मी चमकलो. हे नाव मी तीर्थपुरीत ऐकलं होतं.

आमच्या गल्लीत एक चाचा होते. साठच्या दशकात ते हजला गेले, ते समुद्रानं. तेव्हा मुंबई ते जेद्दा हाजींना नेणारी जहाजं मोगल लाइनचीच. 1877 सालची ही कंपनी, हज हा तिचा मोठा धंदा. चाचा जालन्याहून मुंबईला जाऊन क्रॉफर्ड मार्केटजवळच्या साबू सिद्दीक मुसाफिरखान्यात कागदपत्रं होईपर्यंत राहिले आणि मग डेकच्या तिकिटावर आठवडाभर समुद्र. त्यांनी आम्हा पोरांना ओट्यावर बसवून सांगितलेलं मला शब्दन् शब्द आठवतं. वर फळ्या, खाली फळ्या, मधे माणूस. कोपऱ्यात चुलीची, नमाजाची, आजाऱ्याची अशी जागा लोकांनी आपसात वाटून घेतलेली. आणि एका दिवशी जहाजावर पुकारा झाला की यलमलमची, म्हणजे हजची वस्त्रं चढवायच्या जागेची, सीध आली. जमीन दिसत नव्हती. पण सगळ्या पुरुषांनी न्हाऊन शिलाई नसलेली दोन पांढरी वस्त्रं घातली, आणि पाटील, तेली, सावकार, मजूर क्षणात सारखे दिसायला लागले. चाचा म्हणायचे, “बेटा, उतरलो नाही तिथं, पण सगळ्यात मोठं बंदर तेच.” 1995 नंतर हजची जहाजं बंद झाली, सगळे विमानानं जायला लागले. चाचांचा तो पत्र्याचा डबा, ज्यातून त्यांनी झमझमचं पाणी आणलं, त्यांच्या घरात अजून आहे.

समुद्राशी आमच्या मुलखाचा तिसरा धागा दुःखाचा आहे. मुंबईत ज्या स्वदेशी कंपनीला लोक प्रेमानं ‘माझी आगबोट कंपनी’ म्हणत, तिनं आपल्या बोटींना संतांची नावं दिली. त्यांतली एक ‘रामदास’. समर्थांचं जन्मगाव जांब आमच्याच घनसावंगी तालुक्यात. आमचे वडील रामनवमीला दरवर्षी तिथं पायी जात. 17 जुलै 1947 ला, आषाढी अमावास्येला, सकाळी ‘रामदास’ भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली. अमावास्येला घरी पोचायचं म्हणून माणसं कोंबून भरलेली. काश्याच्या खडकाजवळ वादळात ती कलंडली. सगळे भेदरून एका बाजूला धावले आणि सहाशेंहून अधिक माणसं गेली. स्वातंत्र्याला महिनाही उरला नव्हता. आमच्याकडे तेव्हा निजामाचं राज्य. बातमी उशिरा आली. वडील सांगायचे, त्या वर्षी जांबच्या देवळात कुणीतरी त्या बुडालेल्यांसाठी दिवा लावला. जांबच्या लोकांनी समुद्र पाहिलेला नव्हता, पण बोट आपल्या गावच्या माणसाच्या नावाची होती.

मला डेकवर बसताना ती गोष्ट दर वेळी आठवायची. बोट कलली की सगळ्यांनी एका बाजूला धावायचं नाही, ज्याच्या त्यानं जागीच बसायचं, हे मी वर्गातल्या पोरांना समुद्रकिनारी शिकवायचो. पुस्तकात ते नव्हतं.

मग हळूहळू बंदरं गळायला लागली. मुंबई-गोवा महामार्गावर खाड्यांना पूल झाले, एस.टी. दारात पोचली, आणि पडावाची कसरत करायची कुणाला हौस राहिली? आधी लहान बंदरं सुटली, पडाव वाळूत उपडे पडले, त्यांच्या बुडावर पोरं घसरगुंडी खेळायला लागली. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस बोटच थांबली. 1994 च्या सुमाराला मुंबई-गोवा वेगवान कॅटामरान आली, पण मधे ती कुठं थांबायची नाही. 26 जानेवारी 1998 ला कोकण रेल्वे पूर्ण धावू लागली आणि विषय मिटला. 2018 च्या ऑक्टोबरात ‘आंग्रिया’ नावाची बोट मुंबई-गोवा सुरू झाली, तेव्हा मला फार आनंद झाला होता, कान्होजी आंग्र्यांचं नाव पाहून अधिकच. पण तीही विजयदुर्गाबाहेरून सरळ पुढे जाई. आंग्र्यांच्या नावाची बोट आणि आंग्र्यांच्या बंदरात थांबा नाही, हे माझ्या मनाला लागलं ते लागलंच.

नातीला मी फोनवर सांगितलं ते असं. बाल्कनीचे पैसे वाचव. मधोमध, खालच्या बाजूच्या मजल्यावर, खिडकीची खोली घे. तिथं बोट कमी लागते. जाताना डावी बाजू. वर-खाली जेवणाचा नि नाचाचा मजला नाही ना हे नकाशात बघ, नाहीतर रात्रभर खुर्च्या सरकतील. आजची जहाजं किनाऱ्यापासून लांबून जातात, तरी रात्री जाग आली तर पडदा उघड. दिवा दिसला तर तो बहुतेक दीपगृहाचा असेल, आणि त्याच्या पायथ्याशी एखादं जुनं बंदर.

“आणि बंदरांवर काय बघू?”

गोव्यात तुझ्या मनाला येईल ते बघ, म्हटलं. लक्षद्वीपचं आधी विचारून घे. उथळ पाणी नि प्रवाळ, मोठं जहाज आत जात नाही. बाहेर थांबून लहान होड्यांनी उतरवतात.

ती गप्प झाली. मग म्हणाली, “आबा, मला त्याचीच भीती वाटते.”

गणपतीला ती तीर्थपुरीला आली तेव्हा मी तिला घेऊन ओट्याच्या कडेला उभा राहिलो. तिच्या नवऱ्याला खाली बाज धरून उभं केलं, आणि बाज वर-खाली करायला सांगितली. मी तिचा दंड धरला. बाज वर आली. “आता,” म्हटलं. तिनं खाली पाहिलं नाही.