तुमची नदी कोणती?

मंडळी, मी तीस वर्षं शाळेत इतिहास-भूगोल शिकवला. न्यूझीलंडबद्दल माझं एक ठरलेलं वाक्य होतं, 'टास्मानने १६४२ मध्ये हा देश पाहिला आणि १७६९ मध्ये कॅप्टन कुकने त्याचा शोध पुरा केला.' मुलं ते पाठ करत, पेपरात लिहीत, मी लाल शाईने बरोबरची खूण करत असे. त्याआधी तिथे कोण राहत होतं, हे एकाही मुलाने विचारलं नाही. मीही सांगितलं नाही, कारण ते सांगायला हवं असं मलाच वाटलं नव्हतं. आजचा लेख म्हणजे त्या वाक्याचं थोडंसं प्रायश्चित्त समजा.

२०१८ च्या फेब्रुवारीत मी मुलाकडे न्यूझीलंडला गेले होते. त्याच्या मित्रमंडळींनी वांगानुई नदीतून तीन दिवसांची होडीची सहल ठरवली होती. "आई, तू येणार का?" असं त्याने विचारलं ते बहुधा शिष्टाचार म्हणून. मी हो म्हटल्यावर त्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता! भीमेकाठी वाढलेल्या पोरीला पाण्याची कसली भीती, असा माझा ताठा.

दहा जण, पाच होड्या. दोघांची लांबट, अरुंद होडी. पुढचा वल्हवणार, मागचा दिशा सांभाळणार. कपडे, शिधा, अंथरूण सगळं झाकणाच्या प्लास्टिकच्या पिंपांत. व्हाकाहोरोपासून पिपिरिकीपर्यंत सुमारे ८७ किलोमीटर. आमची वाटाड्या पन्नाशीची माओरी बाई होती. तिने कोणालाही होडीत बसू दिलं नाही. आधी सगळ्यांना काठावर उभं केलं, तिच्या भाषेत प्रार्थना म्हटली, नदीला आमची ओळख सांगितली आणि मग म्हणाली, "आता बसा." माझी आजी नदीत पाय घालण्याआधी ओंजळभर पाणी डोळ्यांना लावायची, ते आठवलं.

दोन्ही बाजूंना नेच्यांनी मढलेले उंच कडे आणि मधून हिरवट-काळं संथ पाणी. ही नदी टोंगारिरो पर्वतावर उगम पावते आणि २९० किलोमीटर वाहून समुद्राला मिळते. माओरींची कथा अशी की पूर्वी तारानाकी पर्वतही टोंगारिरोशेजारीच होता. दोघांचं भांडण झालं, हरलेला तारानाकी पश्चिमेला निघाला आणि त्याच्या जाण्याने जमिनीला खोल चर पडला. टोंगारिरोने त्यात पाणी सोडलं, ती जखम भरून यावी म्हणून. ती ही नदी.

दुसऱ्या दिवशी दुपारी वाटेत एक पूल पाहिला. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांना सरकारने मांगापुरुआच्या खोऱ्यात जमिनी दिल्या होत्या. त्यांच्यासाठी १९३६ मध्ये काँक्रीटचा भक्कम पूल बांधला, पण तोवर बहुतेक शेतकरी जमीन सोडून गेले होते. १९४२ मध्ये उरलेलेही गेले. आता रानात फक्त पूल आहे, त्याच्या पलीकडे गाव नाही. सगळे फोटो काढत होते. मला मात्र नदीशी नातं नसताना केलेल्या वस्तीचं काय होतं, तेच तिथे दिसलं.

त्या संध्याकाळी आम्ही टीएकेला पोचलो. ही माओरींची फार जुनी वस्तीची जागा. १९८६ मध्ये नदीकाठचं हे रान राष्ट्रीय उद्यान झालं आणि टीएकेला प्रवाशांसाठी सरकारी निवारा होता. १९९३ मध्ये त्या जागेशी नातं सांगणारी माओरी कुटुंबं परत येऊन राहिली. आमची जागा, आम्ही इथले, एवढंच त्यांचं म्हणणं. त्यातून पुढे मार्ग निघाला. आज ते प्रवाशांचं मुक्कामाचं ठिकाणही आहे आणि माओरींचं मराए, म्हणजे समाजाचं अंगण, तेही आहे. तिथे दारूला बंदी आहे आणि पाहुण्याने सरळ आत शिरायचं नसतं.

आम्ही बाहेर घोळका करून उभे राहिलो. आतून एका बाईने लांब, थरथरत्या सुरात साद घातली. आमच्या वाटाड्याने तशीच साद परत दिली. स्वागताचा पहिला आवाज बाईचाच असतो, म्हणाली. मग हळूहळू चालत आत गेलो. भाषणं झाली, आमच्या बाजूने एक गाणं म्हणायचं होतं, तर आम्ही शाळेत म्हणतो तशी प्रार्थना म्हटली! शेवटी एकेकाच्या नाकाला नाक आणि कपाळाला कपाळ टेकवायचं. श्वास वाटून घ्यायचा. नंतर जेवण, म्हणजे आता तुम्ही परके नाही.

रात्री सगळे गोल करून बसले. प्रत्येकाने आपली ओळख द्यायची, पण त्यांच्या पद्धतीने: आधी आपला डोंगर, मग आपली नदी, मग आपली माणसं आणि सर्वांत शेवटी स्वतःचं नाव. आपल्याकडे नाव, शिक्षण, हुद्दा पहिला. माझी पाळी आली आणि मी अडखळले. डोंगर भीमाशंकर, नदी भीमा, इथवर ठीक. मग गाव? माझं माहेरचं गाव उजनी धरणाच्या पाण्याखाली आहे. धरण झालं तेव्हा मी नुकतीच सासरी गेले होते. मोबदला मिळाला, भावांना दुसरीकडे जमीन मिळाली, त्या पाण्यावर कितीतरी घरं उभी राहिली, तक्रार करावी असं काही नाही. पण लग्नानंतर बाईला 'तुझी नदी कोणती' असं कोणी विचारलंच नव्हतं. मी मोडक्या इंग्रजीत म्हटलं, "माझं गाव माझ्या नदीतच आहे." कोणी हसलं नाही. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी मान हलवली, जणू त्यांना अशी उत्तरं ओळखीची होती.

ओळखीची असणारच. १८९२ पासून या नदीतून पिपिरिकीपर्यंत आगबोटी सुरू झाल्या. बोटींना वाट हवी म्हणून माओरींचे ईल मासे धरायचे बांध उखडले गेले. ते बांध त्यांचं अन्नही होते आणि वारसाही. त्यांनी अर्ज केले, विनवण्या केल्या. १९३८ मध्ये पात्राच्या मालकीसाठी कोर्टात गेले. तो दावा वर-खाली फिरत १९६२ मध्ये अपिलात संपला. काठच्या जमिनीबरोबर पात्राचा मध्यापर्यंतचा भाग जातो, असा कायदा. जमिनी गेल्या तेव्हा पात्रही गेलं, असा निकाल. माओरींना तो मुद्दाच समजेना. नदीचे दोन अर्धे कसे होतील? पुढे १९७० च्या दशकात वीज प्रकल्पासाठी उगमाकडचं पाणी वळवण्यात आलं. १९९५ मध्ये वांगानुई शहरातल्या एका बागेत त्यांनी ७९ दिवस ठाण मांडलं.

या सगळ्यात त्यांनी आणखी एक गोष्ट केली, आणि माझ्या मते तीच खरी. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून नदीकाठची माओरी माणसं दरवर्षी एकत्र नदीतून खाली येतात. म्हातारी, तरुण, पोरंटोरं. वाटेत एकेका मराएवर मुक्काम, स्वागत, पूर्वजांच्या गोष्टी, वळणावळणाची नावं. कोर्टात कागद कमी पडले होते. पोरांच्या हातात वल्हं आणि तोंडात नावं असली की तो पुरावा कोणी फेटाळू शकत नव्हतं. 'कागद नाही तो इतिहास नाही' हे मी वर्गात ठासून सांगत आले होते. किती अर्धवट शिकवलं मी!

२० मार्च २०१७ रोजी न्यूझीलंडमध्ये कायदा झाला. पर्वतापासून समुद्रापर्यंत ही नदी एक अखंड, सजीव आणि कायद्याच्या नजरेत व्यक्ती ठरली. तिच्या वतीने बोलायला दोन माणसं, एक सरकारने नेमलेला आणि एक नदीकाठच्या लोकांनी. योगायोग पाहा, नेमक्या त्याच दिवशी उत्तराखंड उच्च न्यायालयाने गंगा-यमुनेलाही व्यक्ती ठरवलं. पण त्या निकालाला जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली. नदीला आई म्हणणारे आपण तर पहिल्यापासूनच आहोत. पण त्या आईची वळणं नावानिशी माहीत असलेली मुलं आपल्याकडे किती?

तिसऱ्या दिवशी आउतापूच्या खळाळात आमची होडी उलटली. त्या जागेला तिथले लोक 'पन्नास-पन्नास' म्हणतात, कारण निम्म्या होड्या उलटतात. लाईफ जॅकेट होतं, पाणी छातीएवढंच, पण थंडीने दातावर दात. मुलगा घाबरून ओरडत होता, मी हसत होते. बाहेर आल्यावर वाटाड्या म्हणाली, "नदीने तुम्हाला ओळखलं." भीमाकाठचा ताठा मात्र वाहून गेला!

२०२४ च्या उन्हाळ्यात उजनीचं पाणी फार उतरलं होतं. पळसदेवचं जुनं देऊळ उघडं पडलं म्हणून लोक बघायला जात होते. मी भावाला आणि नातीला घेऊन पाणलोटाच्या काठावर गेले. आमचं गाव काही दिसलं नाही, नुसता भेगाळलेला गाळ. भाऊ बोट दाखवून सांगू लागला: इथे पार, इथे ओढा, इथे बायकांचा घाट. त्या घाटाला आम्ही काय म्हणायचो, ते दोघांनाही पटकन आठवेना. बऱ्याच वेळाने मला आठवलं. नातीने ते वहीत लिहून घेतलं. मी म्हटलं, लिही, पण तोंडानेही म्हण.