इब्न सहलचं गणित आणि एलईडीचा सपाट पडदा

इब्न अल-हैसमचं नाव आता आपल्याकडे बऱ्याच जणांना ठाऊक आहे. ‘कॅमेरा मुसलमानांनी शोधला’ असा फॉरवर्ड फिरतो, त्यात ते हमखास असतं. त्याच्या आधीच्या पिढीतल्या इब्न सहलचं नाव मात्र क्वचितच कुणी घेतं. मला ते घ्यावंसं वाटतं, कारण टीव्ही किंवा लॅपटॉपचा सपाट पडदा ज्या प्रश्नावर उभा आहे, त्याचं गणित या माणसाने हजार वर्षांपूर्वी वापरलं होतं. प्रश्न असा, की एका माध्यमातून दुसऱ्यात जाताना प्रकाश नेमका किती वाकतो?

इब्न सहल दहाव्या शतकातल्या बुवैही काळातला, बगदादशी जोडलेला गणिती. इ.स. 984च्या सुमारास त्याने दाहक आरसे आणि भिंगं यांवर ग्रंथ लिहिला. सूर्यकिरण एका बिंदूवर आणायचे तर भिंगाचा आकार कसा हवा, हे त्याला ठरवायचं होतं. त्यासाठी प्रकाशाच्या वाकण्यातलं एक ठरावीक गुणोत्तर त्याने आकृतीत वापरलं. हेच गुणोत्तर युरोपात स्नेलला 1621च्या सुमारास सापडलं आणि देकार्तने 1637मध्ये छापलं. आज शाळेत ते ‘स्नेलचा नियम’ म्हणून शिकवलं जातं.

इब्न सहलचं नाव का राहिलं नाही? त्याचा ग्रंथ शिल्लक होता, पण तुकड्यांत. काही पानं दमास्कसला, काही तेहरानला. इतिहासकार रुश्दी राशिद यांनी ती जुळवली आणि 1990मध्ये जगासमोर मांडली. इब्न अल-हैसमला इब्न सहलचं लेखन माहीत होतं, तरी ‘किताब अल-मनाझिर’मध्ये हे गुणोत्तर येत नाही. म्हणजे विसर पडायला पुढच्याच पिढीत सुरुवात झाली होती.

‘किताब अल-मनाझिर’चं नशीब वेगळं. त्याचा लॅटिन अनुवाद झाला आणि 1572मध्ये तो बाझेलला छापला गेला. युरोपातले प्रकाशाचे अभ्यासक तो वाचत, त्यांत केप्लरही होता. 1611मध्ये केप्लरने नोंदवलं, की काचेतून हवेकडे जाणारा किरण फार तिरपा असेल तर तो बाहेर पडतच नाही, पूर्णच्या पूर्ण आत परततो. यालाच आपण पूर्ण आंतरिक परावर्तन म्हणतो.

आता पडद्याकडे येऊ. एलसीडी पडदा स्वतः उजळत नाही, त्याच्या मागून प्रकाश द्यावा लागतो. पूर्वी त्यासाठी पारा असलेल्या बारीक नळ्या असत. निळा एलईडी बनवणं अवघड होतं, ते जपानमध्ये अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांनी साधलं. 2014चं भौतिकशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं. निळ्या एलईडीवर पिवळा प्रकाश देणारा लेप दिला की पांढरा प्रकाश मिळतो, आणि नळ्यांची गरज उरत नाही.

पातळ पडद्यात एलईडी बहुधा कडेला बसवतात. त्यांचा प्रकाश अ‍ॅक्रिलिकच्या पातळ पाटीत कडेने शिरतो. अ‍ॅक्रिलिकसाठी केप्लरची ती मर्यादा सुमारे 42 अंश. कडेने शिरताना किरण आत वाकतो, त्यामुळे पाटीच्या मोठ्या पृष्ठभागांवर तो 48 अंश किंवा त्याहून तिरपाच आदळतो. मग बाहेर पडायला वाट नाही! तो आतल्या आत परावर्तित होत पुढे सरकतो.

त्याला बाहेर काढण्यासाठी पाटीच्या मागच्या बाजूला बारीक ठिपके छापतात. एलईडीजवळ प्रकाश भरपूर, म्हणून तिथे ठिपके लहान आणि विरळ. दूर जावं तसे ते मोठे किंवा दाट. त्यामुळे पडदा सगळीकडे सारखा उजळतो. मागे निसटलेला प्रकाश पांढरा परावर्तक पुन्हा पुढे ढकलतो.

यापुढे खरी गळती. ध्रुवक जवळजवळ अर्धा प्रकाश शोषतो. लाल, हिरवी, निळी गाळणी उरलेल्यातला सुमारे दोन तृतीयांश अडवते. अखेरीस डोळ्यांपर्यंत जेमतेम दहावा हिस्सा पोहोचतो, अनेकदा त्याहूनही कमी. म्हणून अभियंत्यांनी आणखी दोन थर घातले. एक, बारीक प्रिझमची फिल्म. ती तिरपा प्रकाश समोर वळवते आणि बाकीचा परत खाली पाठवते. दुसरा, परावर्तक ध्रुवक. तो नको असलेला अर्धा भाग शोषत नाही, तर मागे धाडतो. खालून परावर्तित होऊन त्याला पुन्हा संधी मिळते. नवा प्रकाश निर्माण होत नाही, वाया जाणारा वाचतो. बॅटरी जास्त टिकते ती यामुळेही.

इस्राफला, म्हणजे उधळपट्टीला, कुरआनात मनाई आहे. आपण ती पाणी, अन्न आणि लग्नातल्या खर्चाशी जोडतो. ज्ञानाशी का जोडत नाही? इब्न सहलचं गणित चुकलेलं नव्हतं. ते वाचलं गेलं नाही, पुढे नेलं गेलं नाही, म्हणून शतकांनंतर इतरांना पुन्हा शोधावं लागलं. हाही इस्राफच.

याच्या उलट उदाहरण आपल्या शेजारचं आहे. हैदराबादच्या दाइरतुल मआरिफ संस्थेने कमालुद्दीन फारसीने ‘किताब अल-मनाझिर’वर लिहिलेलं भाष्य विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात छापलं. 1938मध्ये इब्न अल-हैसमची छोटी पुस्तकंही छापली. तेव्हा मराठवाडा त्याच राज्यात होता. विस्मरणातल्या पोथ्यांना वाचक मिळवून देणारं हे काम दख्खनमध्ये झालं, याचा मला ‘कॅमेरा आमचा’ या घोषणेपेक्षा जास्त अभिमान वाटतो.

इब्न अल-हैसमने टॉलेमीवर शंका घेणारा ग्रंथच लिहिला. पूर्वसुरींचं म्हणणं केवळ ते पूर्वसुरी आहेत म्हणून मानू नये, तपासावं, असा त्याचा आग्रह होता. त्याचा वारसा सांगायचा तर हा आग्रहही घ्यावा लागेल. एलईडीचा पडदा मुसलमानांनी शोधला नाही, आणि तसं म्हणायची गरजही नाही. त्यात बगदाद आहे, बसऱ्याचा इब्न अल-हैसम आहे, केप्लर आहे, जपानच्या प्रयोगशाळा आहेत. आपल्या मुलांना या साखळीतली जुनी नावं जरूर सांगा. पण त्यासोबत विज्ञानाचं पुस्तक, प्रयोगशाळेतलं भिंग आणि प्रश्न विचारायची मोकळीकही द्या.